कोदिचे फिस्काले : वडिलांचं नाव गाळू नका

कोदिचे फिस्काले म्हणजे इटलीतला कर-ओळख कोड. तो ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर काढून भाडेकरारात टाका, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. 'आजेन्झिया देले एन्त्राते' या कर खात्यानं दिलेला कोडच वैध असतो, आणि तो फुकट मिळतो. निघण्याआधी हवा असेल तर मुंबईच्या इटालियन वकिलातीतूनही.

आपली खरी अडचण नावाची. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बहुतेकांच्या वडिलांचं नाव असतं. कोडमध्ये नावातली तीन अक्षरं येतात: नुसत्या 'नेहा'ची एनएचई, 'नेहा सुरेश'ची एनएसआर. माझ्या बहिणीचा फॉर्म भरणाऱ्यानं वडिलांचं नाव गाळलं. पुढे बँकेत पासपोर्टशी कोड जुळेना, खातं अडलं. म्हणून कागद हातात पडताच खिडकीवरच तपासा. कोडमध्ये बायकांच्या जन्माच्या तारखेत (दिवसात) ४० मिळवतात. १२ च्या जागी ५२ दिसलं तर ते बरोबरच आहे.