कुठलाही प्रिकर्सर घ्या, शेवटी सिलिकाच?

वाळूचा_कण (धागाकर्ता)
एरोजेलच्या, म्हणजे जेलमधला द्रव काढून उरणाऱ्या पोकळ, हलक्या पदार्थाच्या, धाग्यावर 'बिनधास्त' लिहून गेलेत: "टीएमओएस घ्या, टीईओएस घ्या, नाहीतर वॉटरग्लास. शेवटी सिलिकाच मिळतं. बाकी पेपर छापायचा उद्योग." तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा. (प्रिकर्सर म्हणजे ज्यापासून जेल बनतं तो कच्चा माल: टीएमओएस आणि टीईओएस ही सिलिकॉनची सेंद्रिय संयुगं, वॉटरग्लास म्हणजे सोडियम सिलिकेटचं पाण्यातलं द्रावण.)

अहो, सिलिका तेच असेल, पण एरोजेलमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जागा पोकळच असते. प्रश्न त्या पोकळीचा आहे. टीएमओएसचे मिथॉक्सी गट आटोपशीर, पाणी सिलिकॉनपर्यंत चटकन पोचतं, हायड्रोलिसिस (पाण्याने ते गट तुटणं) झपाट्याने उरकतं, बारीक कण एकदम तयार होतात. टीईओएसचे इथॉक्सी गट वाटेत आडवे येतात. त्याच पीएचला तो रेंगाळतो, मागून आलेले रेणू आधीच्या कणांवर जाऊन बसतात. कण जाड, छिद्रं लहानमोठी. तुलना हवी असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातल्या ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटाने फ्रान्सच्या पाजोंक यांच्यासोबत 1999 मध्ये टीएमओएस, टीईओएस आणि पीईडीएस या तिसऱ्या प्रिकर्सरची केली आहे. टीईओएसची छिद्रंच असमान निघाली.

बिनधास्त
नाव घेऊन धागा! मान वाढवलात, आभार.
किस्लरने 1931 मध्ये पहिलं एरोजेल सोडियम सिलिकेटपासूनच केलं. टीचनरच्या लोकांनी 1968 मध्ये अल्कॉक्साइड (टीएमओएसच्या जातीचा प्रिकर्सर) आणला तो जेलमधलं सोडियमचं मीठ धुण्याची कटकट टाळायला, छिद्रांच्या प्रेमापोटी नव्हे. आणि उत्प्रेरकाबद्दल चकार शब्द नाही? आम्लात केलं तर कमी फाट्यांच्या साखळ्या आणि बारीक छिद्रं, अमोनियात केलं तर कणांचे झुबके. आधी ऑक्झॅलिक आम्ल, मग अमोनिया, असं दोन टप्प्यांत करा, टीईओएसचंही पारदर्शक जेल निघतं. हे पण कोल्हापूरवाल्यांनीच दाखवलंय, तेवढं मात्र तुम्ही सोयीस्कर विसरलात.

रेझिनवाली
"मीठ धुण्याची कटकट" म्हणणाऱ्याने एकदा धुवून बघावं. सोडियम धरून ठेवणाऱ्या रेझिनचा कॉलम भरा, सोल (जेल होण्याआधीचं पातळ द्रावण) काढा, पीएच सांभाळा, जरा दुर्लक्ष झालं की कॉलममध्येच जेल! नुसतं पाण्यात धुवायचं म्हटलं तर आठवडा जातो. पुढे हेक्झेन आणि टीएमसीएस (जेलवर मिथाइल गट चढवणारं रसायन), म्हणजे एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक आम्लाचा) वास केसांत. वॉटरग्लास स्वस्त आहे, कारण त्यात पोरांच्या मजुरीचा हिशोब कुणी धरत नाही. गाइडला विचारलं तर म्हणाले, "संशोधन म्हणजे तपश्चर्या."

जुनं_खोड
ताई, टीएमओएसची वाफ डोळ्यांत गेली की बुबुळावर परिणाम होतो, तोही रात्री उशिरा कळतो. स्वीडनमध्ये श्यॉबो इथे 1984 मध्ये जेल वाळवायच्या ऑटोक्लेव्हमधून (बंद दाबपात्रातून) मिथेनॉल गळून अख्खा एरोजेल कारखाना उडाला. जेल न आकसता वाळवायचं तर आतला द्रव क्रांतिक बिंदूपलीकडे न्यावा लागतो, जिथे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. मिथेनॉलचा तो बिंदू 239 अंश, दाब 80 बारच्या आसपास. कार्बन डायऑक्साइडला 31 अंश पुरतात. तेव्हा केसांच्या वासाचं कौतुक जरा कमी करा.

रेझिनवाली
काका, माझा त्रास मोजायला तुमचा स्फोट कशाला हवा?

गुणाकार
तुम्ही सगळे छिद्रांवर भांडताय, ती मोजली कशाने? बीईटीच्या, म्हणजे छिद्रांत नायट्रोजन किती शोषला जातो त्या चाचणीच्या, आकड्यावर? मऊ एरोजेलमध्ये नायट्रोजन द्रवरूप होताना जेलच आकसतं, आणि पन्नास नॅनोमीटरच्या पुढची छिद्रं बहुतेक सुटतातच. पारा वापरला तर तो छिद्रांत शिरायच्या आधी जेल चेपतो. साधा हिशोब करा: घनता घनसेंटिमीटरला 0.1 ग्रॅम असेल तर छिद्रांचं आकारमान ग्रॅममागे साडेनऊ घनसेंटिमीटर यायला हवं. नायट्रोजन बऱ्याचदा त्याच्या निम्मंही दाखवत नाही. मग कुठल्या तुलनेवर वाद घालताय?

बिनधास्त
हेच! हेच म्हणतोय मी.

गुणाकार
तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही म्हणत होता फरकच नाही. मी म्हणतोय फरक किती ते नीट मोजलेलं नाही.

रेझिनवाली
बीईटीचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमच्याकडे मशीन बंद, बाहेर पाठवायचं तर सॅम्पलमागे पैसे आणि महिनोन् महिने रांग. रिपोर्ट आला त्यात डीगॅसिंगचं (मोजण्याआधी सॅम्पल तापवून आतले वायू काढायचं) तापमान लिहिलेलंच नाही. फोन केला तर म्हणे, "मॅडम, आम्ही सगळ्यांना एकच ठेवतो." माझ्या मिथाइल चढवलेल्या सॅम्पललाही तेच! अशा आकड्यांवर थिसिसचं प्रकरण उभं केलं आणि व्हायव्हात कुणी विचारलंसुद्धा नाही.

जुनं_खोड
आमच्या काळी दुसरीकडे रात्रभर बसून स्वतः मोजायचो.

रेझिनवाली
आलं "आमच्या काळी". वाटच बघत होते.

वाळूचा_कण
बीईटीचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर न्या, कृपया. गुणाकार, आकडा चुकेल, पण नुसतं बघून कळतं ना? टीएमओएसचं जेल खिडकीच्या काचेवर ठेवलं तर पलीकडचं झाड दिसतं, त्याच कृतीने केलेलं टीईओएसचं धुरकट. विखुरलेला प्रकाश बघायला बीईटीची रांग लागत नाही.

बिनधास्त
बरं बाबा. उत्प्रेरक, पीएच, पाण्याचं प्रमाण, वाळवणं, सगळं तेच ठेवलं तर प्रिकर्सरने फरक पडतो. घ्या, फटाके वाजवा. आता सगळं तेच ठेवून कारखाना चालवणारा माणूस दाखवा.

गुणाकार
एमटीएमएस या प्रिकर्सरचं नाव कुणीच कसं काढलं नाही? सिलिकॉनवर एक मिथाइल कायमचा, जोडायला तीनच हात. जाळं सैल बसतं, पाणी चिकटत नाही, जेल वाकवलं तरी तुटत नाही. तेही कोल्हापूरचंच, 2006. मिथाइल प्रिकर्सरबरोबरच आत येतो, तो नुसत्या पीएचने आणून दाखवा.

बिनधास्त
एमटीएमएस शुद्ध सिलिका नव्हेच. ते मोजायचं नाही.

वाळूचा_कण
"शेवटी सिलिकाच मिळतं" हे कोण म्हणालं होतं?