शेवग्याच्या पाल्याचा पाण्यातला अर्क झोनच (जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) देत नाहीये, काय करू?

सूक्ष्मजीवी_पोरगा: एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट चालू आहे. मिथेनॉलमधल्या अर्काला स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) जंतूवर बरा झोन येतोय, ई. कोलाय जंतूवर जेमतेम, आणि पाण्यातल्याला दोन्हीकडे ठणठणाट. सर म्हणतात पाण्यातला यायलाच हवा कारण लोक पाला शिजवूनच खातात ना.

आगर_प्लेट: सरांना नमस्कार सांग 😄 खाणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. फिनॉलिक, फ्लेव्होनॉइड वगैरे मिथेनॉलमध्ये जास्त उतरतात त्यामुळे पाण्यातला कोरा जाणं नॉर्मल आहे. पण एका वेलमध्ये (प्लेटमधल्या आगरच्या जेलीतला खड्डा) नुसतं मिथेनॉल घालून बघ, नाहीतर झोन अर्काचा का सॉल्व्हंटचा कोण सांगणार. ई. कोलाय ग्रॅम निगेटिव्ह, त्याला बाहेरून जादा आवरण असतं, म्हणून तो चिवट. आणि जेंटामायसिन ह्या अँटिबायोटिकशी तुलना लिहू नकोस हां, त्याच्या डिस्कमध्ये (कागदी चकती) 10 मायक्रोग्रॅम औषध असतं, तू 100 मिग्रॅ/मिलीचा अर्क 100 मायक्रोलिटर घातलास तर वेलमध्ये 10 मिलिग्रॅम गेला, म्हणजे हजारपट माल घालून म्हणायचं की बघा जेंटाइतकाच झोन आला! एमआयसी (वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण) काढ, ते खरं.

मालवणी_काकू: आमच्याकडे गोकुळाष्टमीला ह्याचीच भाजी, ओलं खोबरं घालून. ते पावडरच्या पाकिटावर संत्र्याच्या सातपट व्हिटॅमिन सी लिहितात ते खरं का रे?

डाएटवाली: काकू पाकीट सोडा, भाजी खा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात ताज्या पाल्यात 100 ग्रॅमला कॅल्शियम 314 मिग्रॅ आहे, पालकात 82. लोह साडेचारच्या आसपास, व्हिटॅमिन सी 108, पण ते कच्च्याचं, शिजवलं की बरंच उडतं. सुकवल्यावर पाणी जातं म्हणून पावडरचे आकडे फुगतात, पण खाणार किती, चमचाभर. लोह हवंय ना, मग वरून लिंबू पिळा, चहा लगेच नको.

सूक्ष्मजीवी_पोरगा: @आगर_प्लेट एमआयसीला रेझाझुरिन (जंतू वाढले की रंग बदलणारा डाय) वापरू का? अर्क गडद हिरवा आहे.

आगर_प्लेट: निळ्याचा गुलाबी झालेला त्या हिरव्यात दिसणार नाही रे बाबा. प्रत्येक वेलमधला थेंब साध्या आगरवर टाकून दुसऱ्या दिवशी वाढ बघ, आणि तीन प्लेट्स तरी कर.