फायबरचा ओएनटी ठेवून स्वतःचा राऊटर: ब्रिज करू की नुसता मागे जोडू?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. घराचा पुढचा भाग जुना धाब्याचा, मातीच्या दीड-दोन फुटी भिंती. मागे आणि वर स्लॅब. फायबरचा ओएनटी (फायबरमधला प्रकाश नेटमध्ये बदलणारा ऑपरेटरचा डबा) पुढे ओसरीत आहे, त्यातच वायफाय. प्लॅन २०० एमबीपीएसचा. ओसरीत मोबाईलवर १८० येतो, वरच्या खोलीत ८-१०. म्हणून ड्युअल बँडचा गिगाबिट राऊटर घेतला आणि त्याच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) पोर्टमध्ये ओएनटीची केबल लावली. नेट चालतं, पण तीन अडचणी आहेत.

लॅपटॉप राऊटरला तारेनं जोडला तरी स्पीडटेस्ट ९४ च्या वर जात नाही. १९२.१६८.१.१ टाकलं की कधी राऊटरचं पान उघडतं, कधी ओएनटीचं, कधी काहीच नाही. आणि घरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) शेतावरून बघायचा आहे, त्यासाठी राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली हाक घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं) केलं तरी बाहेरून लागत नाही.

ओएनटीवर लँडलाईनचा फोनही आहे, तो बंद पडायला नको. लाईनमन म्हणतो, बाहेरचा राऊटर या लाईनवर चालत नाही. ओएनटी काढूनच टाकता येतो का? नसेल तर ब्रिज करताना नेमकं काय काय बदलायचं?

भुसावळ_यार्ड

आधी ९४ चं बघू, कारण ते सेटिंगचं दुखणंच नाही. ९४-९५ हा आकडा दिसला की कुठेतरी लिंक १०० एमबीपीएसवर बसली आहे असं समजा. १०० मधून हेडरचा भाग वजा झाला की स्पीडटेस्टला एवढंच उरतं. बऱ्याच ओएनटींना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे १०० चे. पोर्टजवळ 'जीई' (गिगाबिट) किंवा 'एफई' (१००) असं बारीक छापलेलं असतं. केबल जीईमध्ये हवी. ती तिथेच असेल तर केबल तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात: १, २, ३ आणि ६. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट चालूच राहतं, फक्त वेग खाली येतो आणि दोष कुणाच्या लक्षात येत नाही. प्लग उजेडात धरा. पारदर्शक टोकातून आठही तांब्याचे ठिपके पुढपर्यंत टेकलेले दिसले पाहिजेत. निळी जोडी ४-५ वर, तपकिरी ७-८ वर. एखादा ठिपका मागे राहिला असेल तर प्लग कापून नवीन मारा.

ओएनटी काढता येत नाही. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत एका फायबरला स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात. खाली येणारा डेटा १४९० नॅनोमीटरवर सगळ्यांकडे सारखाच येतो, वर जाणारा १३१० वर जातो आणि कुणी कोणत्या क्षणी पाठवायचं ते ऑपरेटरकडचं मुख्य यंत्र, ओएलटी, ठरवतं. त्यासाठी तुमच्या ओएनटीचा सिरीयल नंबर तिकडे नोंदलेला लागतो. बाजारातून दुसरा आणून लावला तर पॉनचा दिवा नुसता लुकलुकत राहील. गावोगावच्या केबल ऑपरेटरांकडे ईपॉन ही दुसरी पद्धतही असते, तिथे निव्वळ जीपॉनचं यंत्र चालतच नाही. तेव्हा लाईनमनचं म्हणणं अर्धंच खरं आहे: ओएनटी बाहेरचा चालत नाही, राऊटर चालतो. ओएनटी तिथेच राहू द्यायचा आणि त्याच्याकडून राऊटरचं काम काढून घ्यायचं. ब्रिज म्हणजे तेवढंच.

हात लावण्याआधी ओएनटीच्या वॅन पानाचे फोटो काढा, प्रत्येक कनेक्शन उघडून. हे कधीच चुकवू नका. त्यात तीन गोष्टी मिळतात: व्हीलॅन नंबर (एकाच तारेवरचे वेगवेगळे डेटा ओळखायचा शिक्का), पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं जोडणी) आहे की डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळणं), आणि कनेक्शन किती आहेत. बऱ्याच ओएनटींत नावातच खूण असते: 'इंटरनेट' पुढे 'आर' म्हणजे राऊट, 'बी' म्हणजे ब्रिज, शेवटी व्हीलॅनचा नंबर. 'व्हीओआयपी' नावाचं वेगळं कनेक्शन दिसेल, ते लँडलाईनचं. त्याला अजिबात हात लावू नका, फोन पूर्वीसारखा ओएनटीवरूनच चालेल. इंटरनेट आणि फोन दोन्ही एकाच कनेक्शनमध्ये बांधलेले असतील तर मात्र स्वतः ब्रिज करू नका, फोन जाईल. ऑपरेटरकडून दोन वेगळी करून घ्या.

पीपीपीओई असेल तर युजरनेम पानावर दिसतो, पासवर्डच्या जागी ठिपके असतात. तो ऑपरेटरकडून आधी मागून घ्या. पासवर्ड हातात नसताना ब्रिज केलं तर घर नेटविना बसतं.

मग इंटरनेटचं कनेक्शन राऊटवरून ब्रिजवर, व्हीलॅन होता तोच, बाइंडिंगमध्ये (हे कनेक्शन कोणत्या पोर्टला द्यायचं त्या जागी) फक्त गिगाबिट पोर्टची टिक. ओएनटीचं वायफाय बंद. राऊटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा. तुमची दुसरी अडचण याचीच आहे, दोन्ही यंत्रं १९२.१६८.१.१ वर बसली आहेत. मग राऊटरच्या वॅनला पीपीपीओई, युजरनेम, पासवर्ड, एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२. इथरनेटच्या १५०० मधले ८ बाइट पीपीपीओई घेतं म्हणून १४९२. हा १५०० राहिला तर गंमत अशी होते की काही साइट लगेच उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, माणूस डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलत बसतो. खात्री करायची तर विंडोजच्या पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४६४ बाइट पाठवा. त्यात २८ हेडरचे मिळून १४९२ होतात. १४६४ जावं, १४६५ अडावं.

तापीथडी

वरचं सगळं बरोबर, पण मी ब्रिजच्या आधी एक प्रश्न विचारीन: वायफाय वरच्या खोलीत पोचवणं एवढंच काम असेल तर ब्रिज कशाला? राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारं यंत्र) करा. मेनूत तसा मोड असेल तर तो निवडा. नसेल तर राऊटरचा डीएचसीपी बंद, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२, आणि केबल ओएनटीच्या लॅन पोर्टमधून (घरातल्या यंत्रांसाठीचा पोर्ट) राऊटरच्या लॅनमध्ये. वॅन पोर्ट रिकामा. पीपीपीओई, व्हीलॅन, फोन कशालाच धक्का नाही, आणि ऑपरेटरनं रात्री दुरून ओएनटी रीसेट केला तरी घर चालू राहतं. ब्रिज केलेल्या घरात असा रीसेट झाला की राऊटर पुन्हा डायल करू शकत नाही.

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनल वेगळे. २.४ ला १, ६, ११ यांतलेच, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला एकाला ३६, दुसऱ्याला १४९, रुंदी ८०.

आणि भाऊ, मातीच्या दोन फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जाईल अशी आशा धरू नका. ओसरीत कितीही भारी राऊटर ठेवला तरी वरच्या खोलीत फरक फार पडणार नाही. कॅट ६ ची तार वर न्या आणि राऊटर वरच ठेवा. तार धाब्यावरून उघडी नेणार असाल तर बाहेर लावायची काळ्या आवरणाची घ्या. साधी करडी तार खान्देशच्या दोन उन्हाळ्यांत तडकते. अख्ख्या तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते, पण प्लग मारताना तुटते.

तिसऱ्या अडचणीचं कारण दोनपैकी एक. आत्ता तुमच्याकडे डबल नॅट (बाहेरच्या एका पत्त्यामागे घरातली यंत्रं झाकणं, तेही दोनदा) आहे: फॉरवर्ड राऊटरमध्ये केलं, पण बाहेरची हाक आधी ओएनटीवर येते आणि तिथेच अडते. ते ब्रिजनं सुटेल, किंवा ओएनटीत राऊटरचा पत्ता डीएमझेडमध्ये (बाहेरची हाक सरळ एकाच यंत्राकडे पाठवायची सोय) टाकूनही सुटेल. पण त्याआधी ओएनटीच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असेल तर तुम्ही ऑपरेटरच्या सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ पासून त्याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे ब्रिज करून, पोर्ट बदलून, राऊटर बदलून काहीही होत नाही. स्टॅटिक (कायमचा, स्वतःचा) आयपी विकत घ्या, नाहीतर डीव्हीआरच्या क्यूआर कोडनं अ‍ॅपमधून बघा, ते आतून बाहेर जोडणी करतं म्हणून चालतं.

सार्वजनिक आयपी मिळाला तरी डीव्हीआरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडू नका. राऊटरमध्ये वायरगार्ड (घरात यायचा सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन) असेल तर फक्त त्याचा एक यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, उघडा आणि मोबाईल त्यातून घरात आणा.

बोरीकाठ

दोघांचेही आभार. केबल एफईमध्येच होती, जीईमध्ये लावली, आता तारेवर १९५. वॅन आयपी १००.६४ च्या पट्ट्यातला नाही, म्हणून ब्रिजच करतोय. पासवर्ड ऑपरेटरनं दिला. फोनचं कनेक्शन वेगळं आहे, तसंच ठेवलं. ओएनटीत व्हीलॅन जसाच्या तसा, ब्रिज, जीईला टिक. राऊटरच्या वॅनमध्येही तोच व्हीलॅन टाकला. आता राऊटर 'सर्व्हरकडून उत्तर नाही' एवढंच दाखवतो.

भुसावळ_यार्ड

व्हीलॅन दोनदा लागला. ओएनटीच्या ब्रिज कनेक्शनमध्ये नंबर दिलेला असेल तर तो शिक्का ओएनटीच मारतो आणि जीई पोर्टवर साधा, बिनशिक्क्याचा डेटा देतो. राऊटरमधला व्हीलॅन काढून टाका. काही ओएनटींत ब्रिज 'ट्रान्सपरंट' असतो, तिथे उलट: शिक्का राऊटरनं मारायचा. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी, एवढं धरून चाला.

राऊटर काय म्हणतो त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. 'उत्तर नाही' म्हणजे हाक सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही: व्हीलॅन, बाइंडिंग किंवा केबल. 'ऑथेंटिकेशन फेल' (विंडोजवर एरर ६९१) म्हणजे रस्ता मोकळा आहे, युजरनेम-पासवर्डमध्ये चूक आहे किंवा ऑपरेटरनं जुन्या यंत्राचा मॅक (यंत्राचा ओळख-नंबर) बांधून ठेवलाय. तसं असेल तर मॅक मोकळा करायला सांगा, किंवा ओएनटीच्या इंटरनेट कनेक्शनचा मॅक राऊटरमध्ये क्लोन करा. वायफायचा मॅक घेऊ नका, तो वेगळा असतो. आणखी एक: जुनं सेशन सर्व्हरवर अडकून राहतं. सगळं बरोबर असूनही लागत नसेल तर ओएनटी आणि राऊटर दोन्ही १५ मिनिटं बंद ठेवा. दर मिनिटाला पुन्हा पुन्हा डायल केलं तर काही ठिकाणी खातं थोडा वेळ लॉक होतं.

केळीपट्टा (सावदा)

विजेचं कुणी बोललं नाही, आणि आपल्याकडे अर्ध्या तक्रारी तिथून येतात. आता यंत्रं दोन झाली, म्हणजे बॅकअपही दोघांना लागेल. फायबरच्या काचेला वीज लागत नाही, ओएलटीला बॅकअप असेल तर लोडशेडिंगमध्येही लाईन जिवंत असते. ओएनटीच्या अडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट १ अँपिअर, राऊटरवर १२ व्होल्ट १.५ किंवा २. छापलेला आकडा कमाल असतो, पण चालू होताना दोघं एकदम ओढतात. २ अँपिअरच्या मिनी यूपीएसला वाय-केबलनं दोन्ही जोडले तर वीज गेल्यावर राऊटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो आणि माणूस राऊटरला दोष देतो. ३ अँपिअरचा घ्या किंवा दोन वेगळे. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ ची पिन लावू नका. पिनही बघा: बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. २.१ च्या खिळ्यावर २.५ ची पिन बसल्यासारखी वाटते आणि सैल राहते.

ब्रिज झाल्यावर ओएनटी तपासायला विसरू नका. त्याच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (ओएनटीपर्यंत किती प्रकाश पोचतो तो आकडा) असतो. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर उत्तम. नेहमीच्या ओएनटीची मर्यादा उणे २७ च्या आसपास असते. उणे २६ दिसत असेल तर आज चालेल, उद्या लाल दिवा लागेल, आणि तेव्हा नवीन राऊटरवर खापर फुटेल. म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा. खराब आकड्याचं घरातलं कारण बहुतेक वेळा पिवळ्या पॅचकॉर्डचं (ओएनटीला जोडलेल्या फायबरच्या छोट्या तारेचं) वेटोळं. ते बांगडीपेक्षा लहान करू नका, भिंतीच्या कोपऱ्यात दाबून खिळा मारू नका. हिरव्या टोकाचा कनेक्टर हिरव्यातच जातो. निळ्यात घुसवला तर बसतो, पण हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे मधे फट राहते आणि प्रकाश गळतो. टोकाला बोट लावू नका, आत डोळा लावू नका. तो प्रकाश दिसत नाही पण असतो.

आणि दोन्ही डबे एकावर एक ठेवू नका. अशा बऱ्याच यंत्रांची मर्यादा ४० अंशांची असते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे बाहेरच पारा ४५ च्या घरात असतो. पत्र्याखाली किंवा बंद कपाटात तर त्याहून जास्त. धाब्याखालची ओसरी त्या मानानं गार, ओएनटी तिथेच बरा आहे. राऊटर वर स्लॅबखाली नेणार असाल तर पश्चिमेच्या भिंतीला लावू नका.

बोरीकाठ

राऊटरमधला व्हीलॅन काढला, दुसऱ्या मिनिटाला डायल झालं. फोन चालू आहे. आरएक्स पॉवर उणे २१.४ दाखवतो, लिहून ठेवला. एक राहिलं: ब्रिज झाल्यावर ओएनटीचं पान आता उघडत नाही. आकडा बघायला लॅपटॉप थेट ओएनटीच्या दुसऱ्या पोर्टला लावावा लागला.

तापीथडी

तसंच असतं. जीई पोर्ट ब्रिजला दिल्यामुळे तिथून ओएनटीचं पान मिळेलच असं नाही. एफई पोर्ट त्यासाठी मोकळा ठेवा आणि त्याच्या पानावरचा डीएचसीपी चालू असू द्या. एवढंच बघा की त्या पोर्टची तार चुकूनही राऊटरच्या लॅनमध्ये जाणार नाही. गेली तर घरात दोन डीएचसीपी होतील, आणि काही मोबाईलना १९२.१६८.१ चा पत्ता मिळून त्यांचं नेट बंद पडेल.