पात्रांचा लळा: तुमचा जीव कुणात अडकलाय?

वाफाळता चहा (धागाकर्ती): मागच्या आठवड्यात रात्री दीड वाजता मी मोबाईल घेऊन मुसमुसत होते. नवरा दचकून उठला, "कोण गेलं गं?" काय सांगणार? डॉबी गेला होता, हॅरी पॉटरच्या पुस्तकातला. तोही 2007 साली, आणि तेव्हाही रडून झालेलं. वेल्समध्ये फ्रेशवॉटर वेस्टला, जिथे सिनेमातल्या त्याच्या दफनाचं चित्रीकरण झालं, तिथे लोकांनी त्याची समाधी केलीय. रंगवलेले गोटे ठेवतात, मोजे वाहतात (मोजा मिळाला म्हणूनच तर तो गुलामीतून सुटला!). 2022 मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने सांगितलं, समाधी राहू द्या, पण मोजे-गोटे आणू नका, किनाऱ्याला अपाय होतो. ते फोटो बघत बसले होते. आता तुमचं सांगा. इथे कुणी हसणार नाही.

रातकिडा: शिकायला कार्डिफला होतो. मर्मेड कीच्या एका भिंतीवर फुलं, फोटो, चिठ्ठ्या. इयांटो जोन्स, 2009 मध्ये 'टॉर्चवुड' या टीव्ही मालिकेत मेलेलं पात्र. एकदा एक बाई तिथे चिठ्ठी अडकवत होत्या, लॅमिनेट केलेली. म्हणाल्या, "पावसात शाई उतरते." घरी येऊन त्या वर्षीचे पाचही भाग लावले. चौथ्यात तो गेला. पाचवा अजून पाहिलेला नाही.

डब्यात काय: 10 मेला लेकीने केक आणला. कुणाचा वाढदिवस? "रेंगोकूचा." मला वाटलं क्लासमध्ये नवीन मुलगा आलाय. निघाला 'डीमन स्लेअर' या जपानी ॲनिमेतला, म्हणजे कार्टूनमधला! केस ज्वाळांसारखे, जेवताना घासाघासाला "उमाई!" (मस्त!) ओरडणारा, आणि 2020 च्या सिनेमात मेलेला. मी आधी चिडलेच, आजोबांच्या श्राद्धाला ही फोन सोडत नव्हती. पण त्या दिवशी तिने त्याच्या चित्रापुढे वरणभाताचं पान वाढलं, वर तुपाची धार. ग्रुपमधल्या सगळ्याजणी वाढतात म्हणे. पान वाढायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, आमच्याकडे बघूनच शिकली असणार. आता पिठलं जमून आलं की मीच "उमाई" म्हणते.

स्पष्टवक्ता: खरी माणसं कमी पडली का?

अर्धवट मसुदा: स्पष्टवक्ता, हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी 1956 मध्येच या एकतर्फी जवळिकीवर लिहून ठेवलंय, तेव्हा टीव्हीवरच्या माणसांबद्दल. पण नेटवर ती एकतर्फी राहत नाही, हा माझा अनुभव. मी फॅनफिक्शन लिहिते, म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन आपल्याच गोष्टी. मालिकेत मारलेला एक डॉक्टर माझ्या गोष्टीत जिवंत आहे, 43 प्रकरणं झाली. (कोण ते सांगत नाही. त्याची जोडी कुणाशी लावायची यावरून इतकी भांडणं झालीत की दोन जुन्या मैत्रिणींनी मला ब्लॉक केलंय.) बाबा गेले आणि लिहिणं थांबलं. तीन महिन्यांनी ब्राझीलच्या एका वाचकाची कमेंट आली: "तो अजून दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसलाय. थंडी असेल तिथे." खरंच, मी त्याला तिथेच सोडला होता. बाबांच्या शेवटच्या रात्री मीही तशाच पायऱ्यांवर बसले होते, हे त्या बाईला (की बुवाला?) ठाऊक असायचं कारण नाही. त्या रात्री 44वं लिहायला घेतलं. आधी त्याला स्वेटर दिला.

पेन्शनर: हे नेटचं खूळ नव्हे. 1893 मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलला तेव्हा वाचकांनी संतापून पत्रं पाठवली होती. दहा वर्षांनी लेखकाला तो जिवंत परत आणावाच लागला. आमचा जीव मात्र फास्टर फेणेवर. चौथीत मी सायकलवरून पडलो, गुडघा फुटला, तरी रडलो नाही. बन्या रडला नसता ना! अजून सासवडच्या बसमधून फुरसुंगीची पाटी दिसली की जीभ आपोआप टाळूला लागते. शेजारचा प्रवासी बघत राहतो.

स्पष्टवक्ता: ट्टॉक. (हडपसरचा आहे, काय करू.)