'मर्यादा आखून घ्या' म्हणावं की नको?

शब्दखुळी: एका समुपदेशन केंद्राचं बायकांसाठीचं चारपानी पत्रक मराठीत करतेय. मुळात 'नात्यातल्या बाउंडरीज ठरवा' असं आहे. मी सरळ 'आपल्या मर्यादा आखून घ्या' लिहिलं. परवा साताऱ्याकडच्या एका गावात मसुदा वाचून दाखवला, तर पुढे बसलेल्या आजी पदर सारखा करत म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं मर्यादाच पाळतोय की बाई. आता आणि कुठल्या आखायच्या?" सगळ्या हसल्या, मी सोडून. दुसरा शब्द सुचवा.

काटेकोर: शब्दात खोट नाही. मर्यादा म्हणजे सीमाच. संस्कृतात समुद्राचा किनाराही मर्यादाच. एक ओळ खुलासा द्या. लोकांना कळत नाही म्हणून शब्द टाकत गेलो तर उरेल काय?

शब्दखुळी: किनाऱ्याचं ठीक. पण घरात 'मर्यादा सोडलीस' कोणाला म्हणतात? सुनेला. सासूला म्हटलेलं ऐकलंय?

बागायतदार: 'बांध' घ्या. आमचा शेजारी दरवर्षी नांगरताना एकेक तास, म्हणजे नांगराची रेघ, आत घेत बांध कोरायचा. वडील म्हणायचे, जाऊ दे, वीतभर तर आहे. शेवटी मोजणी आणली, तर दीड गुंठा पलीकडे! घरातही तेच. पहिल्या वर्षी एटीएम कार्ड 'माझ्याकडे राहू दे', दुसऱ्या वर्षी माहेरी कधी जायचं तेही नवराच ठरवणार.

काटेकोर: बांधावरून डोकी फुटतात. केंद्राला ते हवंय का?

बागायतदार: गप्प बसूनही फुटतातच की.

देवगडकरीण: आमच्याकडे शेताला बांध, घराभोवती दगडांचा गडगा. गडग्याला बेडं असतं. आडवे दांडे सरकवायचे की नाही, ते घरातलं माणूस ठरवतं. मला हे जास्त पटतं, बांधाला दार कुठे असतं?

कचेरीबाबू: जरा विषयांतर. बांध घालणार कसा, माणूस मिंधा असेल तर? कॉलेजची फी काकांनी भरली, म्हणून चाळिशीपर्यंत त्यांचे पाहुणे स्टेशनवरून मीच आणत होतो, रात्रीच्या गाडीचेसुद्धा. 'मिंधा' हा 'शरमिंदा'चा शेपटाकडचा तुकडा, असं आमचे मास्तर सांगत.

काटेकोर: शरमिंदा फारसी. म्हणजे मिंधेपणसुद्धा उसनंच!

वकीलीणबाई: 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ वेगवेगळे सांगितलेत. पण बायका सांगतात ते फिर्यादीत उतरतं कसं? 'शारीरिक व मानसिक जाचहाट'. सगळं एका पोत्यात. कार्ड काढून घेतलं हे कुठे दिसतच नाही.

कचेरीबाबू: त्यातला 'हाट' बाजाराचा का? जाचाचा बाजार!

काटेकोर: कृपा करा.

वकीलीणबाई: हसण्यावारी नेऊ नका. बाईला तिचाच शब्द फिर्यादीत सापडला नाही, तर ती खाली सही कशावर करते?

शब्दखुळी: मंडळी, उद्या दुपारी छापखान्यात द्यायचंय. बांध की गडगा, तेवढं सांगा. साताऱ्याला गडगा कळेल का?

कचेरीबाबू: पण गडगा जांभ्याचाच लागतो, की कुठलेही दगड चालतात?

देवगडकरीण: कुठलेही चालतात, नुसते रचलेले हवेत. सिमेंट लावलं की ती भिंत.

काटेकोर: कुंपण म्हणा ना सरळ!