‘जेट’ला झोत म्हणावे की फवारा?

रत्नागिरी : विज्ञान दिनाला महाविद्यालयात सक्रिय दीर्घिकांच्या ‘जेट’वर मराठीतून बोलायचे आहे. मधल्या कृष्णविवराजवळून सुटून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने हजारो प्रकाशवर्षे जाणारा हा पदार्थ. झोत, फवारा की प्रवाह? आणि ‘हाय एनर्जी एमिशन’ला ‘उच्च ऊर्जा प्रारण’ चालेल का?

देवगड : फवारा नको. तो सुटला की पसरतो. एम ८७ दीर्घिकेतला जेट सुमारे ५,००० प्रकाशवर्षे लांब जाऊनही अरुंद असतो. १९१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हीबर कर्टिस यांनी त्याची नोंद केली ती सरळ किरण म्हणूनच. चिळकांडी अरुंद खरी, पण क्षणभराची. झोत घ्या.

दापोली : झोताला माझेही अनुमोदन. फक्त आपल्या किनाऱ्यावर झोत म्हटले की दीपगृहाचा प्रकाश डोळ्यांपुढे येतो, आणि इथे धावतो तो पदार्थ. प्रकाश त्याच्यातून निघतो. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात तेव्हा रेडिओ लहरींपासून कधी क्ष-किरणांपर्यंत प्रारण बाहेर पडते. तेच इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनांना, म्हणजे प्रकाशकणांना, धडकून त्यांना गॅमा किरणांपर्यंत चढवतात. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘पदार्थाचा झोत’ असे लिहाच. तो आपल्या दिशेने रोखलेला असला की ती दीर्घिका ब्लाझार.

‘प्रारणा’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. प्रारण म्हटले की वाचक फोटॉनच समजतो, न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला अतिहलका कण बाहेरच राहतो. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेने अंदाजे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो टिपला. त्याच दिशेला, मृग तारकासमूहात, टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लाझार तेव्हा गॅमा किरणांत भडकलेला होता. नुसत्या इलेक्ट्रॉनांच्या मॉडेलमधून असा न्यूट्रिनो मिळत नाही. त्याला प्रोटॉन लागतात: ते फोटॉनांवर आदळायचे, पायॉन हे अल्पायुषी कण तयार व्हायचे आणि त्यांच्या क्षयातून न्यूट्रिनो निघायचे. झोतात नेमके काय आहे हा सगळा वाद इथेच आहे, आणि ‘प्रारण’ लिहिले की तो शीर्षकातूनच गळतो. ‘उच्च ऊर्जा कणांचे उत्सर्जन’ लिहा.

रत्नागिरी : उत्सर्जन म्हटले की मुलांना जीवशास्त्रातला धडा आठवेल ना?

दापोली : कार्बन उत्सर्जन रोज पेपरात असते. मुले सरावली आहेत.

मालवण : ‘मॉडेल’ मॉडेलच ठेवा. प्रतिकृती म्हणजे दिवाळीत करतो तो सिंधुदुर्ग. प्रारूप म्हटले तर मतदार यादी आठवते. काम काय ते एका वाक्यात सांगा: चुंबकीय क्षेत्र, कणांची ऊर्जा, झोताचा वेग गृहीत धरायचा, रेडिओ ते गॅमा असा वर्णपट काढायचा आणि दुर्बिणींच्या नोंदींशी ताडून पाहायचा. ‘लेप्टॉनिक’ (नुसत्या इलेक्ट्रॉनांचे) आणि ‘हॅड्रॉनिक’ (प्रोटॉनांचे) मॉडेल यांना लेप्टॉनी, हॅड्रॉनी म्हटले तर मराठी विभक्ती नीट लागते.

देवगड : लेप्टॉनी चांगला आहे. मी वापरायला घेतो.