फॅमिली ग्रुप: रविवारच्या कॉटेज मीटिंगसाठी फिलेमोनाला पत्र

काकू: सर्वांना सलाम. रविवारी संदेश माझ्याकडे आहे. नव्या करारातलं, पौलाने कैदेतून लिहिलेलं फिलेमोनाला पत्र घेतलंय. मुद्दे तीन: फिलेमोनाचा गुलाम अनेसिम पळाला, पौलाने क्षमा मागितली, फिलेमोनाने ती दिली. वेळ ४० मिनिटं. काही सुचवायचं असेल तर आजच सांगा.

आत्या: वहिनी, पत्र चांगलं निवडलंत. पण तिन्ही मुद्दे पत्राबाहेरचे आहेत. पळाला असं पौल कुठेच लिहीत नाही. १५व्या वचनात तो काही काळ तुझ्यापासून दूर झाला, एवढंच आहे. 'त्याला क्षमा कर' हेही नाही, आणि अनेसिमाला पश्चात्ताप झालाय असंही नाही. फिलेमोनाने पुढे काय केलं, ते पत्रात येणार तरी कसं?

काकू: वन्सं, अहो पण आजवर प्रत्येक संदेशात हेच ऐकलंय!

थोरले काका: ते क्रिसोस्तोम या जुन्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या काळापासून चालत आलंय. चौथ्या शतकाच्या शेवटी त्याने या पत्रावर प्रवचनं दिली, त्यात अनेसिम चोरी करून पळालेला आहे. चोरी आली १८व्या वचनातून. तिथे पौल म्हणतो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. वाक्य 'असेल तर'चं आहे. ते 'तर' गळलं की चोर तयार.

दादा: पळून गेला नसेल, तर पौलापर्यंत पोचला कसा याचाही विचार करायला हवा. रोमन कायद्यात यासाठी जागा होती. प्रोकुलस हा पहिल्या शतकातला कायदेपंडित. त्याचं मत डायजेस्ट या रोमन कायद्याच्या संकलनात नोंदलंय: मालक रागावलाय म्हणून मध्यस्थी करायला मालकाच्या मित्राकडे गेलेला गुलाम फरार धरायचा नाही. पेटर लाम्पे या अभ्यासकांनी १९८५ मध्ये अनेसिमाची गोष्ट या कलमाशी जोडली. मला ती पटते. फरारी माणूस मालकाच्याच ओळखीच्या कैद्याकडे कशाला जाईल?

आत्या: पटण्यासारखी आहे, पण पत्रात तीही लिहिलेली नाही. काकूंनी दोन्ही शक्यता दोन मिनिटांत सांगाव्यात आणि पुढे जावं. लोक त्यातच अडकतात.

काकू: बरं. मग पार्श्वभूमी म्हणून काय सांगू? कलस्सै, रोम, इ.स. ६० एवढंच लिहून ठेवलंय.

थोरले काका: कलस्सैचं नाव या पत्रात नाही. ते कलस्सैकरांस या दुसऱ्या पत्रातल्या ४:९ मधून कळतं. तिथे पौल तुखिक या सहकाऱ्याबरोबर अनेसिमाला पाठवतोय आणि तो तुमच्यातलाच आहे असं म्हटलंय. अर्खिप्पाचं नाव दोन्ही पत्रांत आहे. एपफ्रास, मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक ही सलाम सांगणारी मंडळीही दोन्हीकडे तीच. गाव आजच्या तुर्कस्तानात, देनिझलीजवळ, लायकस नदीच्या खोऱ्यात. शेजारी लावदिकीया आणि हेरापोली.

दादा: रोम मात्र ठामपणे सांगू नका काकू. २२व्या वचनात पौल म्हणतो, माझ्यासाठी उतरायची खोली तयार ठेव. रोमहून कलस्सै म्हणजे समुद्र ओलांडून दोन हजार किलोमीटरच्या आसपास. इफिसहून दोनशेच्याही आत, आठवड्याभराची चाल. म्हणून बरेच अभ्यासक इफिसचा तुरुंग धरतात. तसं झालं तर साल इ.स. ५५ च्या सुमारास येतं.

थोरले काका: इफिसात पौल कैदेत होता असं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगत नाही, हेही सांग. रोमची कैद तिथे स्पष्ट आहे. माझं मत अजून रोमकडे झुकतं. पण संदेश त्यावर अवलंबून नाही, एका वाक्यात उरका.

आत्या: आता खरा मजकूर. वहिनी, वेळ इथे घालवा. पहिल्या दोन वचनांत पत्र कोणाला आहे बघा: फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प आणि 'तुझ्या घरातली मंडळी'. म्हणजे हे खाजगी पत्र नाही. घरात जमलेल्या सगळ्यांसमोर ते मोठ्याने वाचलं जाणार, आणि अनेसिम बहुधा तिथेच उभा असणार. फिलेमोनाला नाही म्हणायचं असेल तर सगळ्यांदेखत म्हणावं लागेल.

दादा: आणि सुरुवातीला पौल स्वतःला प्रेषित म्हणत नाही, बंदिवान म्हणतो. ८व्या वचनात सांगतो की आज्ञा करायचा अधिकार मला आहे, ९व्यात म्हणतो, तरी मी प्रीतीस्तव विनंती करतो. अधिकाराची आठवण तर करून दिलीच! अनेसिमाचं नाव तो थेट १०व्या वचनात काढतो. ४ ते ७ मध्ये फिलेमोनाची प्रीती आणि विश्वास यांची वाखाणणी आधी करून घेतो. इतकं कौतुक झाल्यावर मागे फिरायचं कसं?

आत्या: १४ मध्ये 'तुझ्या संमतीवाचून काही करायचं नव्हतं', आणि २१ मध्ये 'मी सांगतो त्याहून अधिक करशील'. या दोन्हींमध्ये सगळा ताण आहे. 'अधिक' म्हणजे काय, ते पौल लिहीत नाही. गुलामगिरीतून मोकळं करणं, की पौलाच्या सेवेला परत पाठवणं? १३व्या वचनात त्याला जवळ ठेवायची इच्छा बोलून दाखवलीय, म्हणून दुसरा अर्थही बसतो. १६ मात्र पक्कं आहे: दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून, देहाने आणि प्रभूमध्येही. 'देहाने' शब्द गाळू नका. तो गाळला की भाऊपण फक्त रविवारपुरतं उरतं.

काकू: आणि १८-१९? ते मी सोडणार होते, हिशेबाचं आहे म्हणून.

दादा: तेच सोडू नका! १९व्यात 'मी पौल माझ्या हाताने लिहितो, मी फेडीन' आहे. त्या काळी स्वतःच्या हाताने लिहिलेली अशी कबुली म्हणजे वचनचिठ्ठी, पैसे मागायला चालणारा कागद. तुरुंगात बसलेला माणूस दुसऱ्याचं देणं अंगावर घेतोय. आणि लगेच पुढे म्हणतो, तू स्वतः माझा ऋणी आहेस हे मी काढत नाही. काढत नाही म्हणत काढलंच. कॅथलिक उपासनेत हे पत्र तीन वर्षांच्या वाचनक्रमातल्या 'क' वर्षाच्या सामान्य काळातल्या २३व्या रविवारी येतं, पण वाचन १७व्या वचनाला थांबतं. त्यामुळे हिशेब तिथेही ऐकू येत नाही.

थोरले काका: तुलना द्यायची असेल तर धाकटा प्लिनी या रोमन लेखकाची द्या. सुमारे ५० वर्षांनंतर त्याने साबिनियानुस या मित्राला लिहिलं, तुझा मुक्त केलेला गुलाम माझ्याकडे रडत आलाय, मी त्याला खडसावलंय, त्याला पश्चात्ताप झालाय, तेव्हा माफ कर. खडसावणं, रडणं, माफी यातलं काहीच पौलाच्या पत्रात नाही. पौल म्हणतो, मला स्वीकारशील तसं त्याला स्वीकार.

काकू: भाऊजी, हे फार उपयोगी आहे. पण तरुण मंडळी विचारतील, पौलाने गुलामगिरी चूक आहे असं सरळ का नाही लिहिलं?

आत्या: विचारतीलच, आणि उत्तर गुळगुळीत नको. त्याने नाही लिहिलं. अमेरिकेत १८५० च्या फरारी गुलाम कायद्याचे समर्थक याच पत्राचा आधार देत होते: पौलानेही परत पाठवलं, आपणही पाठवू. उलट बाजूने विरोधक जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २३:१५ वाचत, की धन्यापासून पळून आलेल्या दासाला त्याच्या हवाली करू नको.

थोरले काका: १८३३ चा प्रसंगही सांगा. जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स हे पाळक गुलामांसमोर याच पत्रावरून पळून जाणं वाईट असा उपदेश करत होते. निम्मे श्रोते उठून चालते झाले. राहिलेल्यांपैकी काहींनी सांगितलं, असं पत्र बायबलमध्ये नाहीच. हे जोन्स यांनीच लिहून ठेवलंय. जो उपदेश त्यांनी ऐकला, तो पत्रात खरोखरच नव्हता.

काकू: सुधारलेली मांडणी टाकते. १) सगळं पत्र एकदाच मोठ्याने, ४ मिनिटं. २) कोण कोणाला, कुठून, ६ मिनिटं. ३) ८ ते १६, १२ मिनिटं. ४) १७ ते २२, १० मिनिटं. ५) प्रश्न, ८ मिनिटं.

दादा: मस्त. पहिलं वाचन एकालाच द्या. वचनं वाटून दिली की प्रत्येकजण आपली ओळ शोधत बसतो आणि पत्र पत्रासारखं ऐकू येत नाही. आणि आधी पान सांगा: तीताच्या नंतर, इब्री लोकांस पत्राच्या आधी. दरवेळी दोघेतिघे फिलिप्पैकरांस उघडून बसतात.

काकू: शेवटी अनेसिम पुढे इफिसचा बिशप झाला, हे सांगू का?

थोरले काका: दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाच्या इग्नातीने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात त्यांच्या बिशपाचं नाव अनेसिम आहे, हे खरं. पण गुलामांमध्ये हे नाव सर्रास होतं, आणि मधे ५० वर्षं गेलेली. तोच हा, असं म्हणायला नावापलीकडे पुरावा नाही.

काकू: मग ते फक्त कोणी विचारलं तर. वन्सं, पहिलं वाचन तुम्ही करा.

आत्या: करते. चष्मा आणि मोठ्या टाइपाचं बायबल दोन्ही आणते.